खर्जाचे वाटेकरी

आपल्या समाजातील लग्नाला दोन बँड लागतात. एक सायंकाळचा. उंबराच्या पाण्यासाठी विहिरीकडे निघालेल्या बायामाणसांच्या पुढे तो चालतो. त्याचे ट्रंपेट व क्लॅरिनेट गावठाणाच्या टोकापर्यंत ऐकू जातात. दुसरा रात्रीचा. तो मांडवात किंवा सभागृहात मंचावर उभा राहतो. त्याच्याकडे गिटारी असतात, ड्रम असतात, गाणारा असतो. या दुसऱ्या बँडात, ड्रमवाल्याच्या शेजारी, बहुधा दिव्याच्या उजेडाबाहेर, लांब मानेची चार तारांची गिटार घेतलेला एक इसम असतो. लग्नाच्या आल्बममध्ये त्याचा कोपर येतो, चेहरा क्वचितच येतो. त्याच्याविषयी येथे लिहावयाचे आहे. त्या जागेवर आम्हीही काही वर्षे काढली आहेत. तेव्हा या लेखात संपूर्ण निःपक्षपात वाचकांनी शोधू नये.

बास गिटार हे वाद्य वयाने लहान आहे. त्यापूर्वी खर्जाचे काम डबल बास करी. माणसाहून उंच असे हे लाकडी धूड बैलगाडीत शोभावे असे. ते टॅक्सीच्या टपावर बांधून नेत. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी विजेवर चालणारी, गिटारसारखी गळ्यात अडकवता येणारी बास बाजारात आणली. तिच्या मानेवर पडदे बसवलेले असल्याने सूर नेमका लागे, म्हणून तिचे नावच ‘प्रिसिजन’ ठेवले गेले. चार तारा, प्रत्येक तार पुढच्या तारेपासून षड्ज-मध्यमाच्या अंतरावर. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. हा सूर कानाला जेमतेम कळतो. तो पायाखालच्या फरशीतून वर येतो आणि पोटात जाणवतो.

हे वाद्य स्वतःहून मागून घेणारा विरळा. हॅम्बुर्गमध्ये बीटल्सचा बासवादक स्टुअर्ट सटक्लिफ याने १९६१ साली बँड सोडला, तेव्हा ती जागा पॉल मॅकार्टनीच्या वाट्याला आली. तोवर तो गिटार आणि पियानो वाजवीत असे. जगातील सर्वांत नामांकित बासवादकाची ही कथा, मग उपनगरातील पोरांची वेगळी कशी असणार? आमच्या बँडात तीन गिटारी आधीच होत्या. बास वाजवणाऱ्याला बहरीनला नोकरी लागली आणि चौथ्या गिटारवाल्याला, म्हणजे आम्हाला, सांगण्यात आले की उद्यापासून तू खाली उतर. त्या रात्री आम्ही जेवलो नाही, हे कबूल करावयास हवे.

परंतु ज्या परंपरेत आम्ही उतरलो होतो, ती आम्हाला वाटली त्याहून पुष्कळ जुनी होती. साष्टीच्या या बेटावर फ्रान्सिस्कन संन्यासी सोळाव्या शतकाच्या मध्यावर आले. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्याच्या जागी त्यांनी चर्च व विद्यालय उभारले, आजचे आय.सी. कॉलनीचे धर्मग्राम त्याच वारशातले. गोव्यात धर्मग्रामाच्या शाळांतून ‘मेस्त’ मुलांना सोल्फेजिओ आणि व्हायोलिन शिकवीत. १७३९ साली मराठ्यांनी साष्टी व वसई घेतली, पोर्तुगीज गेले, अनेक चर्चे ओस पडली. गोव्यात मात्र पाश्चात्त्य स्वरलिपी वाचणाऱ्यांची पिढी मागून पिढी तयार होत राहिली, आणि विसाव्या शतकात त्यांतले शेकडो जण पोटासाठी मुंबईस आले. धोबी तलावच्या कुडांमध्ये त्यांच्या पेट्या असत आणि तेथून चार पावलांवर फुर्ताडोंचे वाद्यांचे दुकान.

हॉटेलांतील नृत्यसंगीतावर त्यांची चूल पेटे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने त्या धंद्याला ओहोटी लागली. सुदैवाने चित्रपटांचे वाद्यवृंद त्याच सुमारास मोठे होऊ लागले होते, आणि मालाड, गोरेगाव, अंधेरीकडे स्टुडिओ होतेच. अंथनी गोन्साल्विस, सेबास्तियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट ही नावे जाणत्यांना ठाऊक आहेत. गोन्साल्विस यांनी १९५८ साली सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात भारतीय रागांवर रचलेली सिंफनी मोठ्या वाद्यवृंदाकडून सादर केली. लता मंगेशकर व मन्ना डे तीत गायले. तरीही सर्वसामान्य माणसाला त्यांचे नाव कळले ते १९७७ साली, ‘अमर अकबर अँथनी’तील एका विनोदी गाण्यामुळे! त्यांचे विद्यार्थी प्यारेलाल यांनी गुरूला केलेले ते वंदन होते, हे कितीकांना माहीत असेल?

मोठमोठ्या संयोजकांची ही गत, तर खर्ज धरणाऱ्यांची नावे कोण विचारतो? राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बास गिटार वाजवीत. चरणजित सिंग हेही त्याच धंद्यातले; १९८२ साली त्यांनी इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर दहा राग वाजवून एक तबकडी काढली, तिच्याकडे त्या वेळी कोणी ढुंकून पाहिले नाही आणि तीस वर्षांनी युरोपात तिचे कौतुक सुरू झाले. ग्रेगरी बूथ या अमेरिकन अभ्यासकाने २००८ साली ग्रंथ लिहिला, तेव्हा कोठे या वादकांपैकी पुष्कळांच्या आठवणी कागदावर आल्या. हे दुखणे केवळ आपल्याकडचे नव्हे. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांखाली जेम्स जेमर्सनची बास आहे. १९७१ पर्यंत तबकडीच्या वेष्टनावर त्याचे नाव नव्हते.

आता चर्चकडे वळू. पोप दहावे पायस यांनी १९०३ साली, संत सिसिलियाच्या सणादिवशी, उपासनेतील संगीताविषयी आदेश काढला. त्यानुसार पियानो, ड्रम, झांजा अशी गोंगाटाची वाद्ये चर्चमध्ये वर्ज्य ठरली आणि बँडला सक्त मनाई झाली. योगायोग असा की मुलुंडचे धर्मग्राम याच संत पायस यांना वाहिलेले आहे. व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविधीची घटना जाहीर केली. तिने पाइप ऑर्गनचा मान राखला, तथापि स्थानिक अधिकाऱ्यांच्या संमतीने योग्य अशी इतर वाद्येही मोकळी केली. पुढच्याच वर्षी पोप सहावे पॉल ख्रिस्तप्रसाद परिषदेसाठी मुंबईला आले. मिस्सा मराठीत होऊ लागली आणि हळूहळू गायनवृंदाच्या माळ्यावर गिटार चढली. काही वृद्ध मंडळी तोंड फिरवून बसत. त्यांचे सगळेच चुकत होते असे आम्हाला आज वाटत नाही. पण त्या गिटारींमुळे झाले असे, की शनिवारी रात्री लग्नात वाजवणारी पोरे रविवारी सकाळी चर्चमध्ये हमखास हजर राहू लागली.

तो काळ बीट ग्रुपांचा होता. १९६५ च्या ‘गुमनाम’ चित्रपटात टेड लायन्स आणि त्यांचा बँड पडद्यावर झळकला. एका तंबाखू कंपनीने ‘सिमला बीट’ स्पर्धा भरवल्या. १९७० व १९७१ सालच्या निवडक बँडांच्या तबकड्या निघाल्या. १९७२ साली लेड झेपलिनचे जिमी पेज व रॉबर्ट प्लँट कुलाब्याच्या स्लिप डिस्कमध्ये अचानक वाजवून गेले, तेव्हा साथीला मुंबईचीच मुले होती. अॅटॉमिक फॉरेस्ट या मुंबईच्या बँडचा म्होरक्या कीथ कांगा हा तर बासवादकच. त्यांच्या ‘ऑब्सेशन ७७’ या तबकडीत परक्यांच्याच रचना बऱ्याच होत्या.

हे सारे गावात, म्हणजे चर्चगेटच्या बाजूला. आमच्याकडे, मरोळ-चकाल्यापासून बोरिवलीपर्यंत आणि तिकडे घाटकोपर-मुलुंडला, बँडची जागा म्हणजे धर्मग्रामाचे सभागृह किंवा कोणाच्या तरी घराची मागची पडवी. परदेशी वाद्य मिळणे दुरापास्त. मिळाले तर खलाशाकडून. गाणे तबकडीवरून वा रेडिओ सिलोनवरून कानाने उचलायचे. बासवाल्याची पंचाईत अशी की लहान रेडिओच्या कर्ण्यातून खालचा सूर बाहेरच पडत नसे. यावर एक तोड होती. गाणे फीतयंत्रावर उतरवावे आणि दुप्पट वेगाने लावावे. गायकाची चिमणी होई, गाणे निम्म्या वेळात संपे, पण खर्ज एक सप्तक वर येऊन स्वच्छ ऐकू येई. अशा चिमण्या ऐकत आम्ही कित्येक दुपारी घालवल्या आणि शेजाऱ्यांनी त्या सहन केल्या.

गावठाणात एक वयस्क काका होते; तरुणपणी ते स्टुडिओत डबल बास वाजवीत. त्यांनी आमचा सराव ऐकला आणि पहिल्याच दिवशी आमची अर्धी बोटे बंद करवली. वरच्या दोन तारांना हात लावायचा नाही, आणि नजर स्वतःच्या हातावर न ठेवता ड्रमवाल्याच्या उजव्या पायावर ठेवायची, एवढेच त्यांनी सांगितले. मोठ्या ड्रमचा ठोका आणि आपला सूर एका क्षणी पडला पाहिजे. मग त्यांनी गिटारवाल्याला सी कॉर्ड धरायला लावली, आम्हाला सी वाजवायला सांगितले, आणि नंतर खाली ए. गिटारवाल्याने बोट हलवले नव्हते, तरी तीच प्रसन्न कॉर्ड एकदम उदास झाली. सर्वजण गिटारवाल्याकडे पाहू लागले. त्या क्षणी आमचा रुसवा गेला.

पहिला कार्यक्रम एका गावठाणातील लग्नाचा होता. आरंभी वॉल्ट्झ, मग फॉक्सट्रॉट, टोस्ट, मग जाइव्ह. पहिल्या तीन गाण्यांत आमची बोटे थंड पडली होती. चौथ्यात ड्रमवाल्याचा पाय आणि आमची तार कशी कोण जाणे जुळली. मंचाच्या फळ्या खालून वर ढकलत आहेत असे वाटले. समोर भिंतीशी बसलेल्या, लुगडे नेसलेल्या एका आजीबाईंचा पाय हलू लागला होता. त्या गायकाकडे पाहत होत्या. पाय मात्र आमच्या सुरावर हलत होता, हे त्यांना ठाऊक नव्हते. एवढे सुख त्यानंतर फार थोड्या गोष्टींनी दिले. पुढे काही दिवस आम्ही लोकलमध्येही रुळांच्या ठोक्यावर बोटे आपटत असू.

दुसऱ्यांची गाणी वाजवणारे नकलाकार, असा शेरा आम्ही पुष्कळ ऐकला. सुशिक्षितांकडून अधिक. त्यात आणखी एक टोचणी असे : ही मुले आपली नव्हेत, पश्चिमेची उष्टी खातात. याला आमचे उत्तर साधे होते. बीटल्सच्या पहिल्या मोठ्या तबकडीवरील १४ गाण्यांपैकी ६ दुसऱ्यांची आहेत. चर्चमधील गायनवृंद तर चारशे वर्षे स्वतः न रचलेलेच गात आला. त्याला कोणी नकल्या म्हटले नाही. आणि मांडवात जाइव्हनंतर आमचाच बँड कोळीगीते व आपल्या बोलीतली लग्नगीते वाजवी, तेव्हा बासच्या हाताला घुमटाची चाल कोणी शिकवावी लागली नाही. तरीही शेरा अगदीच खोटा नव्हता. स्वतःची चाल बांधण्याचे धाडस आमच्यापैकी फार थोड्यांनी केले. १९८४ साली मुंबईत सुरू झालेला रॉक मशीन हा बँडही आरंभी परकी गाणी वाजवी. चार वर्षांत त्यांनी स्वतःच्या गाण्यांची तबकडी काढली. ती ऐकताना आम्हाला आनंद झाला आणि थोडी लाजही वाटली.

मग सिंथेसायझर आला. त्याच्या डाव्या हाताच्या पट्ट्यांत बास असते, तेव्हा एका माणसाचे मानधन वाचले. त्यामागून डीजे. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम लागू झाले आणि २००५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने रात्री दहाची मर्यादा पक्की केली. पहाटेपर्यंत चालणारी लग्ने त्यानंतर झाली नाहीत. शेजारच्या आजाऱ्यांच्या दृष्टीने हे योग्यच झाले. आमच्यासारख्यांच्या दृष्टीने रात्र लहान झाली.

आमची जुनी बास आम्ही काही वर्षांपूर्वी धर्मग्रामाच्या गायनवृंदाला दिली. मानेला थोडा बाक आला आहे, तारा मात्र नव्या आहेत. सध्या ती अकरावीतल्या एका मुलीकडे असते. तिला खरे तर गिटार हवी होती. गेल्या नाताळाच्या मिस्सेआधी सराव चालू असता आम्ही माळ्यावर गेलो, तेव्हा ती वरच्या तारांवर काहीतरी भरभर वाजवत होती. आम्ही काही बोललो नाही. फक्त कॅहॉनवर बसलेल्या मुलाच्या हाताकडे बोट दाखवले.