गालगुंडाच्या नावाची संगणकभाषा आणि एक भूमिगत चळवळ

१/६
सरकारी रुग्णालयांतील जुनी संगणकप्रणाली बदलणे इतके अवघड का ठरते? अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांचा इतिहास पाहू.

२/६
१९६६-६७ च्या सुमारास बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये रुग्णनोंदींसाठी एक संगणकभाषा जन्मली. तिचे लघुनाम ‘मम्प्स’, म्हणजे चक्क गालगुंड!

३/६
१९७० च्या दशकाच्या अखेरीस माजी सैनिक विभागातील काही प्रोग्रामर वरिष्ठांचा विरोध पत्करून, डॉक्टरांच्या शेजारी बसून, याच भाषेत प्रणाली घडवू लागले. ही मंडळी ‘अंडरग्राउंड रेलरोड’ म्हणून ओळखली गेली. गुलामांच्या सुटकेच्या गुप्त मार्गाचे हे नाव. १९८२ मध्ये या कामास अधिकृत मान्यता मिळाली. तीच पुढची ‘व्हिस्टा’.

४/६
२००५ मध्ये कतरिना चक्रीवादळात न्यू ऑर्लिन्स बुडाले. असंख्य कागदी नोंदी नष्ट झाल्या. विस्थापित माजी सैनिकांच्या नोंदी मात्र काही दिवसांतच इतर शहरांतील डॉक्टरांना उपलब्ध झाल्या.

५/६
तरीही व्हिस्टा जुनी होत गेली: रुग्णालयागणिक वेगळे रूप, मम्प्स जाणणारे थोडे. २०१८ मध्ये नव्या प्रणालीसाठी सुमारे १० अब्ज डॉलरचा करार झाला. २०२० मध्ये ती स्पोकेन येथे सुरू झाली. डॉक्टरांनी नोंदवलेल्या हजारो सूचना त्यांच्या नकळत एका अज्ञात रांगेत अडकल्या आणि त्यातून रुग्णांना इजा झाली, हे २०२२ च्या तपासणी अहवालाने उघड केले. २०२३ मध्ये विस्तार थांबवावा लागला.

६/६
जुन्या दफ्तरातील नोंदी नव्या यंत्रात नेता येतात. डॉक्टर आणि प्रोग्रामर यांचे ते शेजारी बसणे मात्र पुन्हा पहिल्यापासूनच करावे लागते.