ग्रीन बँकचा कानोसा

आपल्या दीर्घिकेत दुसरीकडे बुद्धिमान जीव आहेत का, हा प्रश्न तत्त्वचर्चेतून प्रयोगात उतरला तो अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील ग्रीन बँक या खेड्यात. डोंगरांच्या आडोशाचे हे गाव रेडिओ दुर्बिणींसाठी निवडले गेले. माणसाच्या प्रसारणांचा उपद्रव टाळण्यासाठी १९५८ मध्ये भोवतालचे सुमारे ३४ हजार चौरस किलोमीटर ‘रेडिओ शांतता क्षेत्र’ ठरले.

पुढच्याच वर्षी कोकोनी आणि मॉरिसन या भौतिकशास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये सुचवले, की परक्यांचा संदेश हायड्रोजनच्या १४२० मेगाहर्ट्झ वारंवारतेवर शोधावा. हायड्रोजन विश्वात सर्वत्र आहे. तेव्हा ही वारंवारता कोणत्याही खगोलज्ञाला ठाऊक असणारच. ग्रीन बँकचे तरुण खगोलज्ञ फ्रँक ड्रेक त्याच विचाराने आधीच तयारीला लागले होते.

८ एप्रिल १९६० रोजी पहाटे त्यांनी २६ मीटर व्यासाची दुर्बीण टाऊ सेटी या ताऱ्याकडे रोखली. तिथे काहीच नव्हते. मग एप्सिलॉन एरिडानीकडे वळवताच नोंदयंत्राची लेखणी सेकंदाला सुमारे आठ ठोके उमटवू लागली! दुर्बीण बाजूला नेऊन परत आणली, तोवर ठोके थांबले होते. काही दिवसांनी ते पुन्हा आले, पण या वेळी ताऱ्याकडे रोख नसलेल्या लहान अँटेनानेही ते टिपले. म्हणजे उगम ताऱ्यावर नव्हता. तो बहुधा उंचावरून जाणाऱ्या विमानाचा संकेत होता. संदेश मिळाला नाही, मात्र उतावीळ न होता स्वतःच्याच शोधाची उलटतपासणी करण्याची शिस्त या ‘ओझ्मा प्रकल्पा’ने घालून दिली, आणि तीच त्याची मोठी कमाई होय.

१९६१ मध्ये तिथेच भरलेल्या छोट्या बैठकीसाठी ड्रेक यांनी सात घटकांचा गुणाकार मांडला. ताऱ्यांच्या जन्मदरापासून संदेश पाठवू शकणाऱ्या संस्कृतीच्या आयुर्मानापर्यंतचे हे घटक म्हणजेच ‘ड्रेक समीकरण’. तेव्हा परक्या ताऱ्यांभोवतीचा एकही ग्रह ज्ञात नव्हता. केपलर दुर्बिणीनंतर असे ग्रह सर्रास असल्याचे कळले. आयुर्मानाचा घटक मात्र आजही निव्वळ अंदाजाचा आहे.

१९९३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने नासाच्या अशा शोधाचा निधी बंद केला, तरी खासगी देणग्यांवर काम चालू राहिले. २०१६ पासून ग्रीन बँकची १०० मीटरची दुर्बीण ‘ब्रेकथ्रू लिसन’ या मोहिमेसाठीही आकाशाचा कानोसा घेऊ लागली. परक्या बुद्धीचा म्हणून सिद्ध झालेला एकही संकेत अद्याप हाती आलेला नाही.