लसीका ग्रंथींची वाढ, स्तन-कर्करोगोत्तर

स्तनाच्या कर्करोगावरील उपचारांनंतर काखेतील, गळ्याच्या हाडावरील (जत्रू) किंवा मानेतील लसीका ग्रंथी मोठ्या होणे (पहा : लसीका तंत्र). स्तनातील बहुतांश लसीका काखेकडे वाहते; त्यामुळे तेथे गाठ लागताच रोग उलटल्याची धास्ती वाटते. हाताची जखम, नखुरडे, त्याच बाजूच्या दंडात घेतलेली लस यांनीही ग्रंथी सुजतात. भारतात क्षयाचा विचार करावाच लागतो (पहा : क्षयरोग).

संसर्गाची गाठ बहुधा दुखरी व हलणारी असते; कठीण, न दुखणारी, चिकटलेली व वाढत जाणारी गाठ संशयास्पद. चाचपून मात्र निदान होत नाही. सोनोग्राफीत ग्रंथीचा मेदयुक्त मध्यभाग नाहीसा दिसल्यास सुईने नमुना घेतात. कर्करोग आढळल्यास इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन व हर-२ ग्राही पुन्हा तपासतात. मूळ गाठीहून ते बदललेले असू शकतात व औषधयोजना त्यांवर ठरते. त्याच बाजूच्या जत्रूवरील ग्रंथींतील प्रसार पूर्वी दूरस्थ मानत. २००२ च्या अमेरिकी वर्गीकरणाने तो प्रादेशिक ठरवला.

मराठवाड्यातील अनेक रुग्णांची तपासणी व किरणोपचार छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय कर्करोग रुग्णालयात होतात; हे रुग्णालय तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी (स्था. १९५६) संलग्न आहे (पहा : किरणोपचार, स्तन कर्करोग).