पाणी ओसरल्यावरचा हिशेब

स्मरणिकेसाठी पंचवीस वर्षांची इतिवृत्तं चाळली. सगळ्यांत जास्त खाडाखोड आहे ती सप्टेंबर २०२४ च्या सभेत. म्हणून बाकीचं सोडून त्या पाण्याबद्दलच लिहितो. पण थोडं मागून.

२८ सप्टेंबर १९०८ ला हैदराबादेत मुसी नदीला महापूर आला. परभणी तेव्हा निजामाच्याच राज्यातला जिल्हा, म्हणजे ही आपल्याच राजधानीची गोष्ट. सुमारे १५ हजार माणसं गेली असं सांगतात. पुढच्या वर्षी विश्वेश्वरय्यांना बोलावण्यात आलं. पडलेली घरं मोजून ते थांबले नाहीत, पाणी आलं कुठून ते त्यांनी शोधलं. वरच्या पाणलोटातले दोनशेहून अधिक तलाव फुटले होते. पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर झाले ते याच शोधातून. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला, तेव्हा डॉ. माधवराव चितळे यांच्या समितीनंही कारणांचाच माग काढला.

आपल्याकडे होतो तो पंचनामा. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमीच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी. मग पीक, जनावर, पडकी भिंत यांची नोंद. शेतीला ही पद्धत चालते, फ्लॅटला ती नीट बसत नाही. कपडे-भांड्यांच्या मदतीसाठी केंद्राचा निकष असा, की घर वाहून गेलेलं, पूर्ण पडलेलं, नाहीतर दोन दिवसांहून जास्त पाण्यात असलेलं हवं. आपल्या तळमजल्यावर पहाटे गुडघाभर पाणी शिरलं आणि दुसऱ्या संध्याकाळी उतरलं. गाद्या, फ्रिज, पोरांची पुस्तकं गेली ती गेलीच. शिवाय जमिनीखालची टाकी, मोटर, मीटरची खोली सगळ्यांची. म्हणजे पंचनाम्यात कुणाच्याच नावावर नाही!

म्हणून आम्ही तिघांनी आपलीच वही केली. पाण्याची खूण पुसायच्या आत प्रत्येक खांबावर खडूनं रेघ मारली, फोटो काढले. काय गेलं, काय दुरुस्त होईल, आणि आधी काय लागेल, असं लिहीत गेलो. पहिल्या नंबरला टाकी उपसून धुणं आणि मीटर वायरमननं तपासल्याशिवाय लाईट चालू न करणं. कुंपणाची भिंत पार शेवटी, जरी बघणाऱ्याला तीच आधी दिसायची.

सभेत मात्र जुंपली. "आमच्या तिसऱ्या मजल्यावर काय भिजलंय? दुरुस्ती निधी आमचाही आहे," असं एकजण म्हणाले. चहा दोनदा झाला, ठराव काही होईना. शेवटी तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "अहो, टाकीतलं पाणी वर चढूनच जातंय की!" सामायिक खर्च दुरुस्ती निधीतून झाला. घरातल्या सामानाला तो निधी वापरता येत नव्हता, त्यासाठी वेगळी वर्गणी काढली; ती पुरली नाही, हेही इथं नोंदवतो.

वहीचा खरा उपयोग पुढे झाला. सगळे दोष देत होते उंच झालेल्या रस्त्याला. पण गाळ गेटपाशी बोटभर आणि मागच्या भिंतीशी वीतभर होता. म्हणजे पाणी मागून आलं. जाऊन पाहिलं तर मागची मोरी बांधकामाच्या राड्यानं बुजलेली.

मीटर आता छातीएवढ्या उंचीवर बसवले आहेत. मोरी रुंद करण्याचा अर्ज फोटोंसह दिला आहे, उत्तर अजून नाही. अर्जाची पोच दप्तरातल्या हिरव्या फायलीत आहे. नव्या कमिटीनं ती तेवढी सांभाळून ठेवावी.