चुलीवरची बिअर आणि सरकारचे दफ्तर

नॉर्विच शहरात एका स्नेह्याच्या घरी काही काळ माझे राहणे झाले, तेव्हा महिन्यातल्या एखाद्या शनिवारी आम्ही दोघे त्याच्या स्वयंपाकघरात बिअर करीत असू. मोड आणून भाजलेला सातू, ज्याला तिकडे माल्ट म्हणतात, तो भरडून सुमारे ६६ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर मुरवायचा, म्हणजे त्यातील पिष्टाची साखर होते; मग तो गोड रस गाळून हॉपच्या कडू फुलांसह तासभर उकळायचा, निववायचा, आणि विरजण लावावे तसे यीस्ट सोडून पिंप झाकून ठेवायचे, एवढीच ती कृती. स्नेही मूळचा ठाणे जिल्ह्यातला, माझ्याच शाळेतला. एके दिवशी पिंप झाकता झाकता तो म्हणाला, "गावाकडं हेच केलं असतं तर आबकारीचा शिपाई दारात उभा राहिला असता." त्या एका वाक्याने मला या विषयाच्या इतिहासाकडे ओढून नेले; आणि तो वाचताना असे दिसून आले की, इंग्लंडातही असा अंमलदार कैक शतके या ना त्या रूपाने दारात उभाच होता.

मध्ययुगीन इंग्लंडातील एल, म्हणजे हॉप न घालता केलेली बिअर, हे पेय आबालवृद्धांच्या नित्याच्या आहारात मोडत असे, आणि ते करणे हे भाकरी भाजण्याइतकेच घरातील स्त्रीचे काम होते. हॉपविरहित एल चार-आठ दिवसांत आंबून जाई. म्हणून एका घरी जास्तीचे झाले की ते शेजारपाजारी विकले जाई, आणि पुढच्या आठवड्यात दुसरीच्या घरी चूल पेटे. एल तयार झाल्याची खूण म्हणून दारावर काठीला पाल्याची जुडी बांधीत. इंग्रजीतील ब्रूस्टर हा शब्द मुळात अशा स्त्रीचाच वाचक आहे. यीस्ट म्हणजे काय हे त्या काळी कुणालाच ठाऊक नव्हते. मागच्या खेपेचा फेस पुढच्या खेपेला लावला की रस जिवंत होतो, एवढे अनुभवाचे ज्ञान पुरेसे होते, आणि याच नॉर्विच नगरीत पंधराव्या शतकात त्या फेसाला "देव दयाळू आहे" अशा अर्थाचे नाव होते, हे वाचून मला आपल्याकडील विरजणाच्या वाटीची आठवण झाली.

परंतु जेथे विक्री आली तेथे दफ्तर आलेच. तिसऱ्या हेन्रीच्या कारकीर्दीत, १२६६-६७ च्या सुमारास, भाकरी व एल यांच्या दरांचा कायदा झाला. धान्याच्या भावाप्रमाणे एलचा भाव ठरू लागला, आणि माप व चव तपासण्यासाठी गावोगाव पारखी नेमले गेले. शेक्सपिअरचा पिता जॉन हा १५५६ साली स्ट्रॅटफर्डमध्ये याच कामावर नेमला गेला होता. या पारख्यांनी केलेल्या दंडांच्या नोंदींमुळेच त्या अनामिक स्त्रियांची नावे आज आपल्या हाती लागतात. ज्या कारकुनाने त्यांच्याकडून पेनी उकळली, त्यानेच त्यांना विस्मृतीतून वाचविले, हा इतिहासाचा विलक्षण न्याय म्हणावा लागेल.

स्त्रियांच्या हातून हा धंदा गेला तो मुख्यत्वे हॉपमुळे. फ्लांडर्सकडून आलेल्या या कडू फुलांनी बिअर महिनोन्महिने टिकू लागली. टिकणारा माल दूर पाठविता येतो, दूर पाठविण्यास मोठी पिंपे, मोठ्या कढया आणि उधार देणारा सावकार लागतो, आणि या तिन्ही गोष्टी सोळाव्या शतकातील विधवेला किंवा मजुराच्या बायकोला अप्राप्य होत्या. घरापुरती बिअर मात्र चुलीवर होतच राहिली. नॉर्विचपासून थोड्याच मैलांवर असलेल्या वेस्टन लाँगव्हिल या खेड्यातील पाद्री जेम्स वुडफर्ड याने आपल्या रोजनिशीत ती नित्यनेमाने नोंदविली आहे; १७७८ च्या एप्रिलात पिंपातला गाळ पिऊन त्याची दोन डुकरे उभी राहण्याच्याही पलीकडे गेली, हेही त्याने मोठ्या आस्थेने लिहून ठेवले आहे.

घरची बिअर विक्रीच्या करातून मुक्त असली, तरी १६९७ पासून खुद्द माल्टवरच कर बसला होता, आणि येथे या कथेचा मर्मबिंदू आहे. पाद्री व जमीनदार यांना तो सोसत असे, शेतमजुराला सोसेना. विल्यम कॉबेट हा सरे परगण्यातील हॉपच्या मुलखात वाढलेला शेतकरीपुत्र. त्याने १८२१ पासून खंडशः काढलेल्या "कॉटेज इकॉनॉमी" या ग्रंथात लिहिले की, ससेक्समधील एका वृद्ध शेतकऱ्याच्या साक्षीनुसार चाळीस वर्षांपूर्वी त्याच्या गावी घरी बिअर न करणारा मजूर नव्हता, आणि आता ती करणारा विरळा झाला आहे. कारणे त्याने तीन दिली: माल्टवरचा कर, हॉपवरचा वाढीव कर आणि भावांच्या मानाने तुटपुंजी मजुरी. बिअरची जागा घेणाऱ्या चहाचा त्याने इतका द्वेष केला की, मजुराच्या घरचा वर्षाचा चहा ११ पौंड ७ शिलिंग २ पेन्सांना पडतो असा हिशेब मांडून, तो करण्यात आणि भांडी आवरण्यात रोज दोन तास जातात हेही त्याने जोडले. त्याची चहावरील आग मला अतिरेकी वाटते. पण गरिबाच्या चुलीवरून एक वस्तू कशी नाहीशी होते, हे इतक्या तपशिलाने दुसऱ्या कुणी सांगितल्याचे मी वाचलेले नाही.

पंतप्रधान ग्लॅडस्टनने १८८० साली माल्टचा कर उठविला, तेव्हा कॉबेटला जाऊन पंचेचाळीस वर्षे झाली होती. आता कर थेट बिअरवर बसला, आणि घरापुरती बिअर करणाऱ्यांवर परवान्याचे बंधन आले. याच सुमारास त्याच साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला, मुंबई इलाख्यात, १८७८ चा आबकारी कायदा जारी झाला होता. गावोगावच्या भट्ट्या मोडून दारूचे उत्पादन मोठ्या सरकारी देखरेखीच्या कारखान्यांत व मक्तेदारांच्या हाती एकवटले जात होते, आणि १८९२ च्या मोहा कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले जवळ बाळगण्यावरही नियंत्रण आले. मोहाची दारू भट्टीवर उतरविलेली, म्हणून जात्याच तीव्र. सातूच्या सौम्य पेयाशी तिची तुलना मी करणार नाही, आणि तिने उद्ध्वस्त केलेली घरे मी पाहिलेली आहेत. पण फाल्गुन-चैत्रात वेचलेली फुले वारली व कातकरी यांच्या पोटाचाही आधार होती, आणि त्या टोपलीकडे संशयाने पाहणाऱ्या अंमलदाराच्या मनात जनतेच्या हिताहून महसुलाची चिंता अधिक होती, असे माझे मत आहे. माल्ट आणि मोह यांची कथा येथे एक होते.

इंग्लंडातील परवान्याचे ओझे पुढे निमूटपणे वाहिले गेले. ऑक्सफर्डच्या क्वीन्स कॉलेजातील शतकानुशतके चाललेली बिअरची भट्टी १९३९ पर्यंत टिकली. मग एप्रिल १९६३ च्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी घरापुरत्या बिअरवरचा परवाना रद्द केला, आणि केवळ विक्रीची मनाई कायम ठेवली. त्याच साली सी. जे. जे. बेरी यांचे घरच्या बिअरवरचे पुस्तक निघाले. पुढच्या दशकात बूट्स या औषधांच्या दुकानांतून माल्टचे डबे विकले जाऊ लागले, आणि डेव्ह लाइन यांच्या १९७४ च्या पुस्तकाने अख्ख्या सातूपासून बिअर करण्याची विद्या सामान्य घरात परत आणली. अमेरिकेत हीच मोकळीक १९७८ च्या कायद्याने मिळाली. दोन्हीकडे परत आली ती गोष्ट मात्र पूर्वीची राहिली नव्हती: जे स्त्रियांचे नित्यकर्म होते, ते आता सुट्टीच्या दिवशी मित्रामित्रांनी करावयाचा छंद झाले होते.

कॉबेटच्या ग्रंथात पाण्याच्या उष्णतेची एक खूण दिली आहे. उकळी आलेले पाणी उतरवून वाट पाहावी, आणि वाफ विरून पाण्यात आपला चेहरा दिसू लागला की माल्ट घालावा. त्याच्या काळच्या मजुराच्या बायकोपाशी दुसरे साधन नव्हते. एका शनिवारी आम्ही उष्णतामापक बाजूला ठेवला, तपेल्यावर वाकून उभे राहिलो, आणि बराच वेळ वाफेशिवाय काहीच दिसेना. मग आधी खिडकीचा उजेड, आणि त्याच्यामागोमाग आमचे दोन चेहरे हलत हलत वर आले. स्नेह्याने मापक बुडवून पाहिला, तो ७६ अंशांवर थांबला. थंड माल्ट पडला की ते पाणी सहासष्टच्या आसपास उतरते. त्याने काही न बोलता पोते उचलले.