डॉ. कोटणीस : चरित्र आणि चित्रपट

संतपूर-औरादपासून कलबुर्गीपर्यंतच्या आपल्या सीमाभागास सोलापूर कधीच परके नव्हते. पेठ, शाळा, पंढरीची वाट, काही ना काही निमित्ताने पाऊल तिकडे वळतेच. त्याच सोलापुरात 10 ऑक्टोबर 1910 रोजी द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म झाला. त्यांच्या जीवनावर निघालेल्या चित्रपटाविषयी आज दोन शब्द सांगावयाचे आहेत.

1938 साली जपानी आक्रमणाने चीन होरपळत होता. तेथून आलेल्या मदतीच्या हाकेस ओ देऊन राष्ट्रसभेने पाच डॉक्टरांचे पथक धाडले. डॉ. अटल त्याचे प्रमुख होते, नागपूरचे डॉ. चोळकरही त्यात होते. जखमी सैनिकांवर डोंगराळ मुलखात, अपुऱ्या साधनांनिशी उपचार करावयाचे, असे ते काम होते. 1941 मध्ये कोटणीस बेथ्यून रुग्णालयाचे संचालक झाले. त्याच वर्षी क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी विवाह केला. पुढल्या ऑगस्टमध्ये पुत्र झाला. भारत आणि चीन या दोन्ही देशांचे स्मरण देणारे ‘यिनह्वा’ हे नाव त्याला मिळाले. परंतु 9 डिसेंबर 1942 रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराने कोटणीसांचा अंत झाला.

ख्वाजा अहमद अब्बास यांनी या पथकावर पुस्तक लिहिले. त्याच्या शीर्षकाचा अर्थ एवढाच की, एक मात्र परतला नाही. त्या पुस्तकाच्या आधारे अब्बास आणि व. प. साठे यांनी पटकथा रचली. व्ही. शांताराम यांनी 1942 साली स्थापिलेल्या राजकमल कलामंदिरातर्फे 1946 मध्ये ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ पडद्यावर आली. दिग्दर्शन त्यांचेच, नायकही तेच. छिंगलानची भूमिका जयश्रीबाईंची आणि संगीत वसंत देसाई यांचे. परदेशी प्रेक्षकांसाठी तिची इंग्रजी आवृत्तीही निघाली.

आता एक प्रश्न विचारावासा वाटतो. चित्रपटातील कोटणीस भयंकर साथीशी झुंजताना स्वतःच त्या रोगास बळी पडतात. चरित्रातील कोटणीसांना मात्र अपस्माराने नेले. चित्रकर्त्यास नाट्य हवे असते, हे मान्य. पण पडद्यावरील मरणच आपण इतिहास म्हणून स्वीकारले, तर खऱ्या माणसावर अन्याय होतो. झटके येत असतानाही जो रुग्णांची सेवा सोडीत नाही, त्याचे धैर्य काय उणे आहे? ते दिवसेंदिवस, मुकाट्याने दाखवावे लागते. त्याला टाळ्या मिळत नाहीत.

तरीही या चित्रपटाचे ऋण मान्य केलेच पाहिजे. दूरच्या डोंगरात मिटलेले एक नाव त्याने घरोघरी पोचविले. सोलापुरात कोटणीसांच्या घरी आज त्यांचे स्मारक आहे. तिकडे जाणे झाले, तर तेथे क्षणभर थांबावे. चित्रपटाने ओळख करून दिली. सत्य जाणून घेणे हे आपले काम आहे.