झुडपी जंगलाचा खटला कोणत्या रकान्यात?

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तिथलेच सेबिन सेंटर आज जगभरातल्या हवामानबदलाच्या खटल्यांची नोंद ठेवते. देश निवडा, खटले समोर येतात. भारतातला माळढोक पक्ष्याचा रणजितसिंह खटला त्यात आहे. २१ मार्च २०२४ च्या त्या निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षणाचा हक्क कलम १४ आणि २१ मध्ये असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले.

काम मोलाचे आहे. प्रश्न आहे तो चाळणीचा. हवामानाचा कायदा, धोरण किंवा विज्ञान हा खटल्यातला ठोस मुद्दा असेल तरच नोंद होते. मग आमच्या गोंदियाचे काय?

कसोटी कोण ठरवतो यावर मोजणी ठरते, हे आपल्याला नवे नाही. १९३२ साली लोथियन समितीपुढे ‘अस्पृश्य किती?’ हा प्रश्न आला, तेव्हा कसोटी बदलून काही प्रांतांनी आकडाच खाली आणला. बाबासाहेबांना त्यावर स्वतंत्र टिपण द्यावे लागले.

आता झुडपी जंगल पाहा. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत पूर्व विदर्भ मध्य प्रदेशातून इकडे आला, सोबत महसुली दप्तरातली ही नोंदही आली. कागदावर जंगल, प्रत्यक्षात मुरमाड जमीन, झुडपे आणि चरणारी गुरे. पुढे त्यावर घरे झाली, शाळा झाल्या, स्मशाने झाली. १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन आदेशाने सरकारी दप्तरात ‘वन’ म्हणून नोंदलेली प्रत्येक जमीन वन ठरली. आणि २२ मे २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने गोंदियासह सहा जिल्ह्यांतले झुडपी जंगल वनच असल्याचे सांगितले. १९९६ च्या त्या तारखेआधीच्या वाटपांसाठी केंद्राच्या मंजुरीची वाट ठेवली, नंतरच्यांसाठी कडक छाननी.

हा खटला हवामानाचा की जमिनीचा? जंगल वाचले म्हणून हवामानाच्या रकान्यात घातला, तर तिथे राहणारा भूमिहीन दिसणार नाही. जमिनीचा वाद म्हणून घातला, तर हवामान दिसणार नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते पडीक सरकारी जमिनीसाठीच. त्या मागणीला आज ‘अतिक्रमण’ हा एकच शब्द उरला आहे.

म्हणून तक्ता आपणच करावा. ई-कोर्ट्सवर प्रत्येक खटल्याला सोळा अंक-अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो, कायद्याच्या नावानेही शोधता येते. पण तिथे वस्ती किती जुनी आणि कोणत्या समाजाची, हे विचारणारा रकाना नाही. तो आपण जोडायचा: गाव, गट क्रमांक, निस्तार पत्रकातली नोंद, वस्तीचे पहिले वर्ष, १९९६ च्या आधीचा पुरावा. पक्षकारांची नावे मात्र जाहीर तक्त्यात नकोत. गावात आधीच पुष्कळ डोळे लागलेले असतात.

आणखी एक. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झाला. नुसते ‘गोंदिया’ टाकून शोधाल तर नेमकी १९९६ च्या आधीची कागदपत्रे हातून सुटतील. ती भंडाऱ्याच्या नावाने आहेत.